खुर्चीतला माणूस

आमच्या कोल्हापुरात कुस्ती हरणारा निदान मातीत तरी असतो. स्नूकरमध्ये हरणारा खुर्चीत! समोरचा चुकेपर्यंत बसून बघायचं. मुंबईचा आदित्य मेहता २०१३ साली दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये अंतिम फेरीत पोचला. व्यावसायिक मानांकन स्पर्धेत असा पहिला भारतीय. चीनच्या डिंग जुनहुईनं ५-० हरवलं. म्हणजे बिचारा बहुतेक वेळ बसूनच!

या धंद्यात नव्या खेळाडूला मुदत दोन वर्षांची. जागतिक क्रमवारीत चौसष्टाच्या आत नाही आलात, तर पुन्हा पात्रता फेरी.

माझी बँकेतली खुर्ची वीस वर्षं पक्की आहे.

‘‘पण तो उठायची वाट बघत बसतो,’’ सौ. म्हणाली, ‘‘आणि तुम्ही?’’

काल प्रमोशनचा अर्ज आणला. पेन शोधतोय.