नऊ धावा आणि सात दिवस

प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, हे जुन्या पुणेकरांना पाठ असते. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या प्राध्यापकाने करंडक आणला, याचा अभिमान पेठांमध्ये काही निराळाच होता. आमच्या नारायण पेठेतल्या बिऱ्हाडातही तो होता. पण आमच्या नानांचा, म्हणजे वडिलांचा, जीव अडकला होता तो १९४८-४९ च्या हंगामात. त्या हंगामात महाराष्ट्राच्या हाती करंडक लागला नाही. लागले ते दोन आकडे.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या हंगामातला एकही चेंडू मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. मुलींना मैदानावर नेण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती. मात्र नानांनी मला एक काम नेमून दिले होते. वर्तमानपत्रातले आकडे वहीत उतरवायचे आणि बेरजा ताळून पाहायच्या. त्यामुळे क्रिकेट मी शिकले ते गणिताच्या अंगाने.

पहिला आकडा ४४३. डिसेंबर १९४८ मध्ये पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्राची गाठ काठेवाडशी पडली. काठेवाडचा डाव २३८ धावांत आटोपला. मग आपली बॅटिंग सुरू झाली ती थांबेचना. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर आणि भांडारकर यांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भागी केली. भांडारकर २०५ धावा काढून परतले, निंबाळकर खेळतच राहिले. ४९४ मिनिटे, ४९ चौकार, एक षटकार. धावफलकावर ४ बाद ८२६ आणि निंबाळकर नाबाद ४४३. त्या वेळी एका डावातल्या सर्वाधिक धावांचा जागतिक विक्रम ब्रॅडमनच्या नावावर होता, ४५२. म्हणजे बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या, आणि मोडायला दहा.

खेळ सुटीसाठी थांबला, आणि त्या सुटीत काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. आपल्या गोलंदाजीवर जगाचा विक्रम झाल्याची नोंद त्यांना नको होती. सामना संपला, महाराष्ट्र जिंकला आणि ४४३ हा आकडा तिथेच थिजला. ज्याचा डाव, त्याला कुणी विचारले नाही.

पुढे हनीफ महंमदने १९५९ मध्ये ४९९ केल्या, १९९४ मध्ये लाराने नाबाद ५०१. पण भारतीयांत ४४३ च्या पुढे अजून कुणी गेलेले नाही. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकही खेळायला मिळाला नाही, हे मात्र मला त्या नऊ धावांहून जास्त लागते. २०१२ साली ते कोल्हापुरात वारले. दुसऱ्या दिवशी त्यांना ९३ वर्षे पूर्ण व्हायची होती. तिथेही एका दिवसाने हुकले, असे माझा नातू म्हणाला. मी त्याला दटावले, पण हिशेब त्याचा बरोबर होता.

नाना त्या डिसेंबरात फार चिडले होते. एरवी शांत माणूस, पण पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "संस्थानिक असो की कुणी, खेळातून उठून कसा जातो माणूस?" आई म्हणाली, "दमले असतील हो. एवढं पळायचं म्हणजे." नाना काही बोलले नाहीत, पण त्यांनी पुन्हा भात घेतला नाही.

मार्च उजाडला. महाराष्ट्र उपांत्य सामन्यात पोहोचला होता, समोर मुंबई, आणि सामना पुण्यातच. ५ मार्चला, शनिवारी, खेळ सुरू होणार म्हणून गिरगावचा वसंतमामा, आईचा धाकटा भाऊ, आदल्या संध्याकाळच्या गाडीने आमच्याकडे उतरला. तो केवळ सामन्यासाठी आला नव्हता. फोर्टमधल्या एका कचेरीत हेडक्लार्कची जागा रिकामी होती, पगार नानांच्या जवळजवळ दुप्पट, आणि मामाच्याच चाळीत दोन खोल्या मिळण्याजोग्या होत्या. "भावोजी, फक्त हो म्हणा," मामा म्हणाला. "बाकी माझ्याकडे लागलं."

नाना म्हणाले, "वसंतराव, सामना होऊ दे. मग सांगतो."

या सामन्याला दिवसांची मर्यादा नाही, निकाल लागेपर्यंत तो चालायचा आहे, याची कल्पना बिचाऱ्या आईला कुठून असणार! मुंबईने पहिल्या डावात ६५१ केल्या. माधव मंत्री २००, उदय मर्चंट १४३, दत्तू फडकर १३१. महाराष्ट्राने ४०७ मध्ये उत्तर दिले, त्यात दातार १४३ आणि रेगे १३३. रेशनचे दिवस, दोन खोल्या, आणि पाहुणा चौथ्या दिवशीही मुक्कामाला. मुंबई पुन्हा खेळायला उतरली तेव्हा आईने साखरेचा डबा हलवून पाहिला आणि चहात गूळ पडू लागला. मामाने हूं की चूं केले नाही. मुंबई खेळत होती, त्याला गुळाचा चहाही गोड लागत असला पाहिजे. मर्चंट आणि फडकर या दोघांनीही पुन्हा शतके ठोकली, मुंबईने ८ बाद ७१४ वर डाव सोडला आणि मी वहीत वजाबाकी मांडली. महाराष्ट्राला जिंकायला ९५९ धावा हव्या होत्या. मला वाटले, माझेच चुकले. नानांनी वही पाहिली आणि म्हणाले, "बरोबर आहे."

मामा मोठ्याने हसला. "भावोजी, आता बॅगा भरायला घ्या. तुमच्या आणि आमच्या."

नानांनी दुसऱ्या दिवसापासून बिनपगारी रजा काढली. हरणारच असलेला सामना पाहायला पगार कापून जाणारा माणूस आमच्या वाड्याने प्रथमच पाहिला. आणि महाराष्ट्र खेळला. रेग्यांनी या डावातही शतक केले, बरोबर १००. एस. डी. देवधर यांनी १४६ केल्या. जिंकण्याची आशा कुणालाच नव्हती, तरी एकेक गडी उतरत होता आणि धावा काढत होता. सातव्या दिवशी सगळे बाद झाले तेव्हा फळ्यावर ६०४ होत्या. मुंबई ३५४ धावांनी जिंकली आणि पुढे अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून करंडकही घेऊन गेली. चार डाव, ३८ गडी, नऊ शतके आणि एकूण २३७६ धावा. प्रथम दर्जाच्या एका सामन्यात एवढ्या धावा जगात त्याआधी झाल्या नव्हत्या आणि नंतरही झालेल्या नाहीत. हा दुसरा आकडा. त्याची बेरीज मी तीनदा ताळून पाहिली होती.

त्या संध्याकाळी नाना उन्हाने काळवंडून घरी आले. पाय धुतले, टोपी खुंटीला लावली आणि मामाला म्हणाले, "वसंतराव, आमचं इथंच बरं आहे."

"अहो, पण पगार..."

"इथंच बरं आहे."

मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेला. जाताना आईच्या हातावर साखरेसाठी म्हणून पाच रुपये ठेवून गेला. आईने ते घेतले.

नाना निवृत्त होईपर्यंत त्याच खुर्चीवर राहिले. माझ्या थोरल्या बहिणीला मॅट्रिक होताच नोकरी धरावी लागली. मामाच्या दोन्ही मुली कॉलेजात गेल्या. दर दिवाळीला मामाचे पत्र येई आणि शेवटी एक ओळ असेच, जागा अजून मिळेल. नाना ते पत्र मला मोठ्याने वाचायला लावीत आणि ती ओळ आली की खिडकीबाहेर पाहत. पगारावर पाणी सोडले, पण मैदान सोडले नाही, याचे मला कित्येक वर्षे कौतुक होते. शाळेत शिकवू लागले तेव्हा मुलांना मी निंबाळकरांची गोष्ट सांगे आणि मागोमाग ६०४ ची.

नाना गेल्यावर एकदा आईशी बोलता बोलता हा विषय निघाला. मी म्हटले, "नानांनी मन घट्ट करून निर्णय घेतला, नाही?"

आई गहू निवडत होती. ताट थोडे उजेडाकडे सरकवत म्हणाली, "माझं माहेर गिरगावातलं. तिथं जायला मला आवडलं असतं. सात दिवस सामना चालला, पण तुला काय हवं, असं मला कुणी विचारलंच नाही."