पेजेची पुण्याई

गोमंतकातल्या जुन्या घरांत सकाळचे दहा-साडेदहा वाजले की चुलीवरची पेज खाली उतरत असे. उकड्या तांदळाची ऊन पेज, तोंडी लावायला मिठातला आंबा किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा, आणि मग पुन्हा शेताची वाट. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या सरकारी शाळांतून बदल्या होत होत आमची नोकरी झाली. या पेजेवर वाढलेली मुले आम्ही पाहिली आणि त्या मुलांची मुलेही पाहिली. आज त्यांतल्या कितीतरी घरांत उकडा तांदूळ मागे सरला आहे. पानात पांढराशुभ्र सुरय तांदूळ हवा आणि पेज म्हणजे आजाऱ्याचे किंवा गरिबाचे अन्न, अशी समजूत दृढ होत चालली आहे. आम्ही मराठी साहित्याचे विद्यार्थी. शरीरातले रसायन हा आमचा प्रांत नव्हे. परंतु आमच्या हाताखालून गेलेल्या एका विद्यार्थिनीने आपल्या अभ्यासातला एक विषय आम्हांला समजावून सांगितला आणि त्याचा धागा थेट पेजेच्या वाटीपर्यंत येऊन पोहोचला.

भाताची पोटात साखर होते. ती पेशीत शिरली की तिचे दोन तुकडे होतात. या तुकड्याला पायरुवेट म्हणतात. येथवर हाती लागणारी शक्ती अगदी थोडी. खरी धग पेशीतल्या तंतुकणिका नावाच्या इवल्या भट्ट्यांत असते, आणि पायरुवेटचे लाकूड त्या भट्टीत तसेच घालता येत नाही. ते फोडण्याचे काम ‘पायरुवेट डिहायड्रोजिनेज’ हा तीन विकरांचा संघ करतो. खाणीवर मातीच्या पाट्या हातोहात पुढे देणारी माणसांची रांग डिचोलीकरांना अपरिचित नाही. येथेही तसेच घडते. पहिले विकर पायरुवेटमधून कार्बन डायऑक्साइड काढून टाकते; दुसरे आपल्या लांब, हलत्या हाताने उरलेला तुकडा उचलून पुढच्याच्या ओटीत घालते; तिसरे तो हात नव्या फेरीसाठी मोकळा करते. या तिघांना पाच साहाय्यक लागतात. त्यांतले चार ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वांपासून बनतात. पहिल्या विकराचा साहाय्यक म्हणजे ब-१, अर्थात थायमिन.

हे काम अव्याहत चालत नाही, हे त्यातले मर्म. पेडण्याच्या खाजन शेतकऱ्याला मानस ठाऊक असते. भरती चढली की बांधातले दार आपोआप मिटते, ओहोटी लागली की उघडते; पहारेकरी नको. तसेच येथेही पलीकडे तयार माल साचला की एक विकर या संघाला फॉस्फेटची खिटी घालते. स्नायू राबू लागले की दुसरे विकर ती खिटी काढते. या दारातून गेलेल्या तुकड्याची शरीराला पुन्हा साखर करता येत नाही. म्हणून उपवासात दार बरेचसे मिटून घेऊन शरीर मेंदूसाठी साखर राखून ठेवते. एवढा विवेक एका कणात असावा, याचे आम्हांला अजून आश्चर्य वाटते.

ब-१ कमी पडले की मात्र हे दार अडते. पायरुवेट तुंबते, त्याचे लॅक्टिक आम्ल होऊन रक्तात साचते आणि मज्जा, मेंदू व हृदय यांची उपासमार होते. हाच बेरीबेरी रोग. जावा बेटात ऐकमान या डच वैद्याने सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले. १९२९ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९०५ साली क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात फ्लेचर या डॉक्टराने रुग्णांचे दोन गट केले. कच्चा सडीक तांदूळ खाणाऱ्यांत बेरीबेरी पसरली. हिंदुस्थानी पद्धतीचा उकडा तांदूळ खाणाऱ्यांत ती जवळजवळ दिसलीच नाही.

कारण साधे आहे. ब-१ असते ते मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात. कच्चे भात सडले की ते कोंड्याबरोबर गुरांच्या पुढ्यात जाते. पण भात भिजवून भाणात उकडले की ते पाण्यात विरघळून दाण्याच्या गाभ्यात उतरते आणि मग सडले तरी पुष्कळसे टिकते. पेजेत तर शिजवलेले पाणीही ओतून टाकले जात नाही. आमच्या आज्यांना थायमिन हे नाव ठाऊक नव्हते. पण त्यांच्या हातून ते जपले जात होते.

ही गोष्ट केवळ इतिहासातली नव्हे. काश्मीर खोऱ्यातल्या डॉक्टरांनी असे निदर्शनास आणले की पांढऱ्या तांदळावर राहणाऱ्या मातांची अंगावर पिणारी काही अर्भके रक्तातल्या आम्लाने अत्यवस्थ होतात आणि थायमिन टोचताच काही तासांत सावरतात. बाळंतिणीला पथ्याच्या नावाखाली नुसत्या मऊ पांढऱ्या भातावर ठेवणाऱ्या प्रत्येक घराने हे ध्यानात घ्यावे.

एक सांगणे आवश्यक आहे. काही मुलांत हा विकरसंघ जन्मतःच सदोष असतो. बहुधा दोष एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकात असतो. मूल सुस्त राहते, वाढ खुंटते, झटके येतात. तेथे पेज पुरी पडत नाही. तज्ज्ञांच्या देखरेखीखाली भात-साखर कमी करून स्निग्ध पदार्थांवर भर देतात, कारण स्निग्धांश या दाराला वळसा घालून भट्टीत पोहोचतो. काहींना ब-१ च्या मोठ्या मात्रेने गुण येतो. हा दोष पुष्कळदा आईबापांत नसतो, मुलातच नव्याने उद्भवतो. तेव्हा असे मूल जन्मले की सुनेच्या पायगुणाची चर्चा करणाऱ्या आमच्या समाजाने जिभेला आवर घालावा. तिने काही खाल्ले म्हणून किंवा न खाल्ले म्हणून हे घडत नाही.

जे आपल्या हाती नाही त्याचे खापर कोणावर फोडू नये. जे आपल्या हाती आहे ते सोडूही नये. उकड्या तांदळाची वाटी आपल्या हाती आहे. तांदूळ फार चोळून धुवू नयेत, पेजेचे पाणी टाकू नये, आणि ते अन्न मुलांपुढे ठेवताना ओशाळे होऊ नये, एवढेच आमचे वाचकभगिनींना आणि बंधूंनाही आग्रहाचे सांगणे.