एका पुस्तकात पाच खुणा

१९७२ साली दौंडच्या आमच्या घरात वाचनालयाचं कार्ड एकच होतं आणि वाचणारे आठ. एका वेळी एक कादंबरी, मुदत पंधरा दिवस. पुस्तक घरात आलं की पाळ्या लागत. दुपारी आई आणि काकू, शाळा सुटली की आम्ही भावंडं, रात्री ड्यूटी नसेल तर काका. ज्याची त्याची खूण वेगळी. काकांचं रेल्वेचं जुनं पुठ्ठ्याचं तिकीट, आईचा लोकरीचा धागा, काकूंची उदबत्तीची काडी, ताईचं पिंपळपान, आम्हा धाकट्यांचा रावळगावच्या गोळीचा कागद. दुसऱ्याची खूण हलवायची नाही आणि पुढचं कुणाला सांगायचं नाही, हे आजीनं घालून दिलेले नियम. तिकीट दोन दिवस एकाच पानावर दिसलं की काकांना नाइट लागलीय, हे आम्ही ओळखायचो.

‘मृत्युंजय’ला पंधरा दिवस कुठले पुरायला! शिवाजी सावंतांनी कर्णाबरोबर कुंती, वृषाली, दुर्योधन, शोण, कृष्ण या सगळ्यांना बोलतं केलंय. आईचा धागा सारखा वृषालीच्या भागात मागं यायचा. काकू मात्र कुंतीला माफ करायला तयार नव्हत्या. पोळ्या लाटता लाटता दोघींचं यावरून रोज काहीतरी चालायचं. ‘ययाती’ ताईनं कधी वाचली ते कळलंच नाही. पिंपळपान त्या पुस्तकात एकदाही दिसलं नाही.

‘कोसला’ दादानं पुण्याहून, कॉलेजातून आणली. काकांना पहिली पानं मुळीच रुचली नाहीत. पण नायक पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीनं जाते, तिथं ते थांबले. पुस्तक मिटून आजीजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “आई, आपली यमू.” काकांच्या पाठची एक बहीण देवीत गेली होती, हे आम्हा मुलांना त्या रात्री पहिल्यांदा कळलं.

ते वर्ष दुष्काळाचं. रेशनवर लाल मिलो मिळायचा, त्याची भाकरी थापली जात नसे. गावाबाहेर दुष्काळी कामावर बायका दिवसभर खडी फोडायच्या. भाद्रपद कोरडा चालला होता आणि घरात ‘बनगरवाडी’ आली. व्यंकटेश माडगूळकरांच्या माणदेशातली ती वाडी शेवटी दुष्काळानं उठते. धनगर मेंढरं घेऊन निघून जातात. आम्ही ते वाचत होतो आणि आमच्या रस्त्यानं खरंच कळप चालले होते, पुढं कुत्रं, घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या. काकूंनी रांजणातलं पाणी त्यांना दिलं. त्या दिवशी आम्ही आंघोळी केल्या नाहीत. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

सगळ्यांत जास्त दिवस राहिली ती ‘स्वामी’. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू. रात्री जेवणं उरकली की आत्या तिला ओसरीवर वाचून दाखवायची. रणजित देसाईंचं लिहिणं आत्याच्या आवाजात फार शोभायचं. शाळेत शिकवणारी, त्यामुळं एकेक शब्द स्वच्छ. कादंबरीतल्या माधवराव पेशव्यांचा क्षय बळावला, मुक्काम थेऊरला हलला, आणि आजी रोज दोनच पानांवर आत्याला थांबवायला लागली. “आज एवढंच. उद्या बघू.” शेवट तिला ठाऊक होता. दंड चढत होता, काका मुकाट्यानं भरत होते.

माधवराव गेले ते १८ नोव्हेंबर १७७२ ला, म्हणजे बरोबर दोनशे वर्षं होताहेत, हे काकांनी हिशेब करून सांगितलं. आजी म्हणाली, “मग मला थेऊरला न्या.”

रविवारी पॅसेंजरनं लोणीला उतरलो, पुढं टांगा. चिंतामणीचं दर्शन आजीनं घाईनंच घेतलं. तिला नदीकडं जायचं होतं, माधवरावांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या तिकडं. मुळा-मुठेला पाणी जेमतेम. रमाबाईंच्या समाधीवर आत्यानं हळद-कुंकू वाहिलं. आजी तिथंच दगडावर टेकली, पदर सारखा केला आणि म्हणाली, “पुस्तक आणलंयस ना? वाच आता.”

आत्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. उरलेली पानं तिनं एका बैठकीत वाचली, मध्ये एकदाच थांबली. आम्ही मुलं वाळूत होतो, पण कुणी खेळत नव्हतं. वाचून झाल्यावर आजीनं पुस्तक मागून घेतलं, डोळ्यांना दिसत नसतानाही शेवटचं पान उलटून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी खुणा काढून पुस्तक परत केलं. शेवटच्या पानावर आत्याच्या बोटाचं कुंकू लागलं होतं. ग्रंथपालांनी ते पाहिलं, विचारलं, आणि आत्यानं सांगितल्यावर दंडाची पावती न फाडता पुस्तक कपाटात ठेवलं.