सत्तर हजारांचे दप्तर

घनसावंगीला सहज म्हणून कोणी जात नाही. तिथे जाणाऱ्याचे एक तर तहसील कचेरीत काम अडलेले असते, नाही तर त्या गावी त्याची लेक किंवा बहीण दिलेली असते. माझी थोरली बहीण तिथे दिली आहे. त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमाराला माझी तिकडे एक फेरी ठरलेली. रात्री मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेसने निघावे, पहाटे डोळे चोळीत जालन्याला उतरावे, चहा घ्यावा आणि अंबडमार्गे जाणारी एस. टी. धरावी. ३० डिसेंबर २०२३ पासून जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत लांबलीही; पण ज्याला पुढे एस. टी.चीच वाट पाहायची आहे, त्याने आधी एवढी घाई करून काय मिळवायचे? मी आपला देवगिरीचाच प्रवासी राहिलो आहे.

२०२५ साली मात्र मी दसरा उरकताच निघालो, त्याला भाचीचा फोन कारण झाला. भाची अकरावीला. घनसावंगीहून रोज एस. टी.ने अंबडला शिकायला जाते आणि संगणकशास्त्र हा विषय घेतला आहे. "मामा," ती म्हणाली, "मला गेमिंग लॅपटॉप घ्यायचाय. कॉलेजला नेता आला पाहिजे आणि सत्तर हजारांच्या आत बसला पाहिजे. बाबांना समजावायला कोणी तरी मोठं माणूस लागेल. तुम्ही या."

आता मी मोठा आहे तो वयाने. लॅपटॉपवर मी पत्रे लिहितो आणि फार झाले तर पत्त्यांचा पेशन्स मांडतो. पण भाचीने 'मोठं माणूस' म्हटल्यावर नाही म्हणवते कोणाला? कचेरीतल्या तरुण मंडळींना आठवडाभर चहा पाजून मी थोडी विद्या मिळवली आणि गाडीत बसलो.

अंबडला मत्स्योदरी देवीची माशाच्या आकाराची टेकडी मागे पडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन पसरते. ऊस, कपाशी, मधूनच मोसंबीची बाग. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि इकडचा माणूस ते असे सांगतो की जणू घरातल्या पोराला पदवी मिळाली आहे. पण त्या वर्षी सप्टेंबरात मराठवाड्यावर पाऊस नुसता कोसळला होता. बसच्या खिडकीतून पाहिले तर कपाशी काळी पडून उभी होती, सखल वावरांत अजून पाणी होते आणि मोसंबीच्या झाडांखाली गळालेल्या फळांचा सडा कुजत पडला होता. सत्तर हजारांची गोष्ट काढायला हे काही बरे दिवस नव्हते.

रात्री जेवणे झाल्यावर दाजींनी स्वतःच विषय काढला. "पाव्हणं, तुम्ही कशासाठी आलात ते ठाऊक आहे मला." मग ते बराच वेळ गप्प बसले. दाजी गप्प बसले की समजावे, मनात १२-१३ चा दुष्काळ आहे. २०१२-१३ साली जालना जिल्ह्यातल्या बागाच्या बागा वाळल्या, त्यांत यांचीही गेली. टँकरने पाणी घालून झाडे जगवायची धडपड केली, शेवटी कुऱ्हाड लावली. नवी लावलेली झाडे धरायला पाच-सहा वर्षे लागली. त्या झाडांच्या आंबे बहाराचा पैसा आता कुठे हातात येतो, आणि या वर्षी त्यातलाही निम्मा पावसाने नेला. उरलेल्यातून लेक म्हणते, मला खेळायचे यंत्र द्या!

"खेळ म्हणजे ते रम्मीचंच ना?" दाजींनी विचारले. गावातल्या दोघा-तिघांनी मोबाइलवर पैसे लावून घरे बुडवली होती. पैसे लावायच्या असल्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून बंदीच घातली, हे मी सांगितले. भाचीने मात्र कायद्याची ढाल घेतली नाही. ती आतून वही घेऊन आली. वहीत चित्रे होती: विहीर, विहिरीत पडलेली शेळी, काठावर परकर खोचून उभी असलेली एक मुलगी. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून हा खेळ तयार करणार होत्या. शेळी वर काढायला खेळणाऱ्याने दोर, मोट, रहाट यांतले काय कसे वापरायचे, याचे त्यांनी बारा टप्पे आखले होते.

"खेळ करायला खेळावं लागतं, बाबा," ती म्हणाली, "कविता करणारा कविता वाचतोच ना?" आणि तिने पुण्याचा दाखला दिला. 'नॉडिंग हेड्स गेम्स' नावाच्या पुण्यातल्या मंडळींनी 'राजी' हा खेळ तयार केला आणि २०२० मध्ये तो जगभर विक्रीला आला. राजी ही एक डोंबाऱ्याच्या खेळात वाढलेली पोर. राक्षसांनी धाकट्या भावाला पळवले, म्हणून त्याला शोधायला ती एकटी निघते आणि दुर्गा तिला त्रिशूळ देते. दाजींनी हे ऐकून घेतले. "पुण्याचे लोक काय, काहीही करतात," एवढेच बोलले. पण त्या वहीतले विहिरीचे पान त्यांनी दोनदा उलटून पाहिले. "रहाट असा नसतो," असेही म्हणाले. मला तेव्हाच वाटले, गड निम्मा पडला.

खरी अडचण पुढे होती. गेमिंग लॅपटॉप म्हणजे बारीक नाजूक वस्तू अशी माझी समजूत. प्रत्यक्षात तो लॅपटॉपांतला पहिलवान. चित्रे भराभर रंगवणारी वेगळी चिप, ती तापते म्हणून दोन पंखे, त्यांना वारा मिळावा म्हणून जाड अंग, आणि ही सगळी भूक भागवायला विटेएवढा चार्जर. यंत्र सव्वादोन-अडीच किलो आणि वर वीट अर्धा-पाऊण किलोची. नुसत्या बॅटरीवर जड खेळ खेळू म्हटले तर तास-दीड तासात तिचा दम उखडतो, आणि पूर्ण ताकद तर वीजजोडणीवरच मिळते. दुसऱ्या टोकाला दीड किलोचे शिडशिडीत लॅपटॉप. दप्तरात कुठे गेले तेही कळणार नाही, पण वेगळी चिप नसल्यामुळे हलकेफुलके खेळ सोडले तर त्यांना धाप लागते.

पोर रोज एस. टी.ने जाणार. एस. टी.चा अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचा मोफत पास आहे तिच्याकडे. पासावर प्रवास फुकट असतो, जागा मिळेलच असे नसते. सकाळच्या गाडीत पुष्कळदा उभ्यानेच जावे लागते. शासनाच्या २०२० च्या दप्तर धोरणात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असे म्हटले आहे. भाचीचे वजन त्रेचाळीस किलो. म्हणजे दप्तर चार किलो तीनशे ग्रॅम, त्याच्या वर नाही. हा हिशेब मी मोठ्या ऐटीत मांडला. त्यावर आक्का चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "हिशेब कशाला करता? नेऊन बघू दे की तिला!"

आणि मग आम्ही जे केले ते कुठल्याही दुकानात कोणी केले नसेल. दाजींचा मोसंबीचा वजनकाटा ओसरीवरच होता. वह्या-पुस्तके, डबा, पाण्याची बाटली मिळून दोन किलो शंभर भरले. त्यात पहिलवान लॅपटॉप आणि त्याची वीट यांच्याऐवजी तीन किलो दोनशे ग्रॅम मोसंबी मोजून भरली. एकूण पाच किलो तीनशे. भाची ते दप्तर पाठीला लावून सकाळच्या गाडीने अंबडला गेली.

ती गेल्यावर मी जांबला जाऊन आलो. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव, घनसावंगी तालुक्यातच आहे. १६०८ साली रामनवमीला समर्थ इथे जन्मले. इथल्या राममंदिरातल्या जुन्या मूर्ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये चोरीला गेल्या, सगळा जिल्हा हळहळला आणि दोनेक महिन्यांत पोलिसांनी त्या शोधून काढल्या. देवळात दुपारचे फारसे कोणी नव्हते. मी तिथल्या थंड फरशीवर टेकलो. बोहल्यावर 'सावधान' शब्द ऐकून बारा वर्षांचा नारायण उठून निघून गेला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो; पण त्या गावात बसल्यावर माझ्या मनात आले ते त्याच्या आईचे. पोराच्या डोक्यात काही तरी वेगळे शिरले आहे हे तिला आधी दिसले असेल की नाही? दिसले असते तर तिने काय केले असते? संध्याकाळी परत आलो तेव्हा आक्का ओट्यावर उभी राहून गाडीची वाट पाहत होती.

भाची उतरली ती खांदे चोळीत. "जाताना चाललं, मामा. येताना उभी होते. वळणावर दप्तर मला ओढत होतं." शिवाय अर्धा किलो मोसंबी मैत्रिणींनी खाऊन टाकली होती, तरी ही तक्रार! दुसऱ्या दिवशी तिने फक्त दोन किलो मोसंबी नेली. हसत परत आली. तेव्हा मधला मार्ग ठरला: वेगळी चिप असलेला, पण दोन किलोच्या आतला, आणि जो लहान टाइप-सी चार्जरवरही चार्ज होईल असा. म्हणजे वीट घरी खेळण्यासाठी राहील आणि कॉलेजला दोनशे ग्रॅमचा चार्जर पुरेल. हे टाइप-सीचे प्रत्येक यंत्रात नसते, विचारूनच घ्यावे लागते.

रविवारी आम्ही तिघे जालन्याला गेलो. पहिल्या दुकानात शिरताच एका तरुणाने आमच्यापुढे लाल दिव्यांनी लखलखणारे एक यंत्र ठेवले आणि सांगितले, "सर, दिवाळी ऑफर आज रात्रीपर्यंतच. उद्या किंमत वाढणार." मला जांबचा तो शब्द ऐकू आला. पण माझ्याआधी दाजी उठले. बाहेर येऊन म्हणाले, "मोसंबीचा व्यापारी बी असंच बोलतो. फक्त तो म्हणतो, उद्या भाव पडणार!"

दुसऱ्या दुकानात भाचीने वहीत लिहून आणलेले प्रश्न काढले. चिपचे नाव एकच असले तरी तिला यंत्र किती वॅट वीज पुरवते ते निरनिराळे असते. 'आरटीएक्स ४०५०' ही लॅपटॉपमधली चिप पस्तीस वॅटपासून एकशे पंधरा वॅटपर्यंत कशीही चालवलेली असू शकते. दुकानदार म्हणाला, "कार्ड तेच आहे." दाजींना हे मला समजावून द्यावे लागले नाही. "मोटार पाच एचपीचीच, पण डीपीवर दाबच नसला तर पाणी चढंल का?" असे त्यांनीच त्याला विचारले. हलक्या यंत्रात वॅट थोडे कमी मिळणार हे भाचीने कबूल करून टाकले. खांदे वाचवायचे तर तेवढे सोडावे लागते. मेमरी सोळा जीबी हवी, किंवा आठ घेतली तर पुढे वाढवायला मोकळी खाच हवी. बिघाड झाला तर माणूस घनसावंगीपर्यंत येईल का, की यंत्र घेऊन आपण जालन्याला यायचे?

राहता राहिला पडदा. सारख्याच किमतीची दोन यंत्रे शेजारी ठेवली होती. एकाचा पडदा रंग पुरे दाखवणारा, दुसऱ्याचा फिकट. कागदावर ते आकड्यांत लिहिलेले असते, पण आकड्यांवर कोणाचा विश्वास बसतो? भाचीने दप्तरात उरलेली एक मोसंबी काढली, मोबाइलने तिचा फोटो घेतला आणि दोन्ही पडद्यांवर लावला. मग फळ मध्ये ठेवले. दाजींनी चष्मा पुसला. ज्या माणसाने तीस वर्षे फळाचा हिरवा-पिवळा रंग पाहून तोडणीचा दिवस ठरवला, तो पंच. त्यांनी क्षणात बोट ठेवले. "हे फळ आपलं. ते तिकडचं आजारी दिसतंय."

यंत्र एक किलो आठशे ग्रॅम, किंमत एकोणसत्तर हजार पाचशे. मी पाकीट काढले, तर दाजींनी माझा हात धरला. पैसे रुमालात बांधून आणले होते. पाच वर्षे जपलेल्या झाडांचे पैसे त्यांनी दोनदा मोजले, दुकानदाराने एकदा.

परत आल्यावर काट्यावर दप्तर पुन्हा ठेवले: चार किलो शंभर. धोरणात दोनशे ग्रॅमनी बसलो. आक्काने यंत्राला हळदकुंकू वाहिले. गादीवर ठेवून चालवायचे नाही, खालचा वारा कोंडतो, म्हणून दाजींनी पाट आणून दिला. इकडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पंख्यांचे कसे होणार, हे ते दोनदा विचारून गेले. 'राजी' उतरवून घ्यायला मोबाइलच्या रोजच्या डेटाचे तुकडे जोडीत चार रात्री लागल्या. तोवर मी मुंबईला परत आलो होतो.

आठवड्याने रात्री दहाला फोन वाजला. एवढ्या उशिरा दाजींचा फोन म्हणजे पोटात गोळाच. "पाव्हणं," ते दबक्या आवाजात म्हणाले, "पोरगी झोपली. इकडं लाइट गेली. ह्याची बॅटरी अजून किती वेळ चालंल?"

"का हो? झालं काय?"

"ह्या राजीचा भाऊ अजून सापडला नाही."