शनिवारवाड्यात ट्रेझर हंट!

शाळेतल्या पोरांना शनिवारवाडा दाखवायचाय? मग लांबलचक भाषण विसरा आणि क्यूआर कोडचा खेळ मांडा. मी सातवीच्या पोरांसाठी मांडला. संरक्षित वास्तूवर काही चिकटवायचं नसतं, म्हणून कोड आम्हा मोठ्यांच्या गळ्यातल्या कार्डांवर. पाच जणांत मोबाइल एकच. कोडमध्ये थेट मजकूर भरला की नेटसुद्धा लागत नाही.

पहिला कोड दिल्ली दरवाजापाशी : ‘हे अणकुचीदार खिळे इतक्या उंचावर कशाला?’ कुणी म्हणालं, ‘चोरांसाठी.’ मग एकीने हत्तीच्या कपाळाचा अंदाज घेतला आणि हिशेब जुळला! दुसरा हजारी कारंज्याशी : ‘कमळाच्या पाकळ्या किती?’ १६.

खरी गंमत पुढेच. १७३२मध्ये उभा राहिलेला वाडा १८२८च्या आगीत जळाला. आत उरली ती जोती. एरवी पोरं म्हणतात, ‘इथे तर काहीच नाही!’ तिसरा कोड सांगतो, ‘जोत्याच्या कडेने चाला, एक दालन पावलांनी मोजा.’ मोबाइल खिशात जातो आणि रिकाम्या जागेत भिंती दिसायला लागतात.

ट्रिक एवढीच, बॉस : कोडमध्ये उत्तर ठेवू नका, प्रश्न ठेवा. उत्तर वाड्यालाच देऊ द्या.