उडवून परत टाकण्याआधी

दिवाळी अंकांचे दिवस आले की प्रेसमधून ठरावीक फोन सुरू होतात. "दादा, सॉफ्टवेअर उघडतच नाही. दोनदा उडवून परत टाकलं, तरी तेच." डीटीपीवाल्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय, आणि 'परत टाकलं तरी तेच' हे ऐकलं की मला हायसं वाटतं, कारण शोधायची जागा निम्मी कमी झालेली असते. सॉफ्टवेअर उडवलं तरी अ‍ॅपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमधल्या तुमच्या सेटिंगच्या फायली बहुतेक वेळा तशाच राहतात. नव्यानं टाकलेलं सॉफ्टवेअर पुन्हा त्याच फायली वाचतं आणि पुन्हा तिथंच अडतं.

सांगलीतल्या एका प्रेसमध्ये गेलो तेव्हा अंकाचं कव्हर अडकलं होतं. ऑपरेटर ताई सकाळपासून बसून होत्या आणि मालक म्हणत होते, फॉरमॅट मारा. मी म्हटलं, अर्धा तास द्या. आयकॉनवर क्लिक केलं. सुरुवातीचं चित्र आलं, दोन-तीन सेकंद थांबलं आणि गेलं. एररची एक ओळही नाही.

अशा वेळी मी आधी विंडोजमध्ये एक नवं युजर खातं उघडतो. दोन मिनिटांचं काम, पण मशीन आणि माणसाचं खातं यांची वाटणी त्यानं होते. नव्या खात्यात सॉफ्टवेअर झटकन उघडलं. म्हणजे सॉफ्टवेअर, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, रॅम, सगळं ठीक. बिघाड ताईंच्या खात्यात. सेटिंगच्या फोल्डरचं नाव बदलून पाहिलं. (नाव बदलायचं, डिलीट करायचं नाही. त्यात माणसानं वर्षानुवर्षं बसवलेले शॉर्टकट आणि रंगांच्या पट्ट्या असतात.) तरी उघडेना.

मग 'प्रोसेस मॉनिटर' चालवलं. मायक्रोसॉफ्टचं हे मोफत साधन कुठला प्रोग्राम कुठली फाइल कधी उघडतो ते ओळीओळीनं लिहून काढतं. हजारो ओळी येतात, पण मी शेवटाकडून वाचतो: बंद पडण्याआधी हात कशाला लागला होता? एकामागून एक फॉन्टच्या फायली दिसल्या, आणि शेवटची एका सुलेखनी फॉन्टची. तिच्यानंतर काहीच नाही.

"हा कधी टाकला?"

"काल संध्याकाळी. कव्हरच्या शीर्षकासाठी. पेन ड्राइव्ह लगेच परत द्यायचा होता, म्हणून घाईत काढला."

फाइल अर्धवट उतरली होती. आणि नव्या खात्यात सॉफ्टवेअर का उघडलं, याचाही उलगडा झाला. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून साध्या 'इन्स्टॉल'नं टाकलेला फॉन्ट त्या एका खात्यापुरताच बसतो; सर्वांसाठी हवा तर तसा वेगळा पर्याय निवडावा लागतो. ग्राफिक्सची बरीच सॉफ्टवेअर उघडतानाच सगळे फॉन्ट वाचून काढतात, त्यामुळे एक खराब फॉन्टही पुरतो.

दर वेळी फॉन्टच असतो असं नाही. कधी दुसरा मॉनिटर काढून नेलेला असतो आणि विंडो त्या नसलेल्या पडद्यावर उघडलेली असते. टास्कबारवर तिला निवडून विंडोज, शिफ्ट आणि बाणाचं बटण दाबलं की ती समोर येते. कधी डीफॉल्ट प्रिंटर नेटवर्कवर सापडत नाही आणि सॉफ्टवेअर त्याची वाट बघत राहतं. सेटिंगचाच बिघाड असेल तर फोल्डर शोधत बसायलाही नको: कोरलड्रॉ उघडताना एफ-८ धरून ठेवा, फोटोशॉपला कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र. दोन्ही वेळा मूळ सेटिंग परत येतात, म्हणून आधी आपल्या सेटिंगची कॉपी काढून ठेवा.

मालकांचं ऐकून फॉरमॅट मारला असता तर ताईंचे जमवलेले सगळे फॉन्ट गेले असते. त्यातले काही आता कुठं मिळतही नाहीत. मी तो एक फॉन्ट काढला, सेटिंगच्या फोल्डरला जुनं नाव दिलं आणि ताईंना क्लिक करायला सांगितलं. सुरुवातीचं चित्र आलं, थांबलं, आणि कोरं पान उघडलं. त्यांनी तोच फॉन्ट पुन्हा मागवून घेतला, या वेळी पेन ड्राइव्ह नीट 'इजेक्ट' करून काढला. रात्री कव्हर प्लेटला गेलं.