हथखोजचा धरमकाटा

बाबांच्या स्टील प्लांटमधल्या नोकरीमुळे आम्ही भिलाईकर झालो. मी मात्र हथखोजच्या औद्योगिक वसाहतीत लहान कारखान्यांचे संगणक सांभाळतो. तिथल्या एका री-रोलिंग मिलच्या धरमकाट्यावरचा, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावरचा, जुना पीसी भर उन्हाळ्यात बसला. सेंटओएस ५, कर्नल २.६.१८. मालक नागपूरकडचे. म्हणाले, "सोर्स कोड आहे ना भाऊ? मग नव्या मशीनवर चढवून टाका."

कोड दोन होते, दोन्ही सीमधले. एक सिरियल पोर्टवरून वजन वाचणारा प्रोग्रॅम, दुसरा फाटकाचा दांडा आणि सिग्नलचे दिवे चालवणाऱ्या पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर.

पहिला कुणा तरी जाणकाराने लिहिलेला. पोर्टसाठी पॉझिक्सचंच टर्मिऑस वापरलेलं, त्यामुळे ६४ बिटच्या डेबियन १२ वर तो लगेच कंपाइल झाला. ऑफिसातल्या रास्पबेरी पायवर मात्र वजनाऐवजी कचरा दिसू लागला. 'अजून काही आलं नाही' याची खूण म्हणून कॅरॅक्टरच्या चलात उणे एक ठेवला होता. साधा 'चार' उणे आकडे धरतो की नाही, हे सी भाषेने कंपायलर बनवणाऱ्यावर सोडलं आहे. इंटेलवर धरतो. पायच्या एआरएमवर धरत नाही, तिथे उणे एकचे २५५ होतात. सगळे इशारे चालू केल्यावर जीसीसीने ती ओळ दाखवली: ही तुलना कधीच खरी ठरणार नाही. 'चार'च्या जागी 'इंट' लिहिलं, काम झालं.

ड्रायव्हरने खरा घाम काढला. मेक चालवलं आणि पडदा लाल. फाइल ऑपरेशन्समधला जुना आयओसीटीएल २०१० सालीच, २.६.३६ मध्ये गेला. प्रॉक फाइल तयार करणारं फंक्शन ३.१० मध्ये गेलं, टायमरची पद्धत ४.१५ मध्ये बदलली. कर्नलवाले बाहेरच्या प्रोग्रॅमला दिलेला शब्द पाळतात, आतल्या मॉड्यूलला मात्र कसलाच शब्द देत नाहीत. मला ते रास्तच वाटतं. चीड येते ती कार्ड विकून गायब झालेल्या कंपनीची.

नावं बदलली की भागतं, असं इंटरनेटवरची पोरं सांगतात. भागत नाही. जुना आयओसीटीएल बोलावताना कर्नल आपणहून एक मोठं कुलूप लावायचा. नव्यात ते नाही. दांडा आणि दिवे कार्डाच्या एकाच रजिस्टरचे वेगवेगळे बिट. एका प्रोग्रॅमने आकडा वाचला, लिहिण्याआधी दुसऱ्याने आपला लिहिला, की दांडा उचलायचा राहतो आणि ट्रक काट्यावर अडकतो. हे कुठलाही कंपायलर सांगत नाही. रजिस्टरभोवती म्यूटेक्स घातला.

तरी इन्समॉड म्हणे, मॉड्यूलचा फॉरमॅट चुकीचा. कर्नल अपडेट झाला होता, पण मशीन रीबूट केलेलं नव्हतं. चालू कर्नल जुना, हेडर नवे. रीबूट करून ड्रायव्हर पुन्हा बांधला, तेव्हा दांडा उचलला.

डीकेएमएसही बसवलंय, म्हणजे नवा कर्नल आला की मॉड्यूल आपोआप बांधलं जातं. पण आतलं फंक्शनच बदललं तर तेही हात टेकतं. म्हणून त्या पीसीवर कर्नल अपडेट रोखून ठेवलाय आणि नेटची केबल काढलीय. मालकांना मात्र केबल पुन्हा हवी आहे, क्रिकेटसाठी.